मुद्दाम केलेल्या चुका

३ मार्च
नर्सबाईंना नापास केलं. तिसरी आणि शेवटची संधी होती. आता गाडी शिकवायचा परवाना त्यांना कधीच मिळणार नाही. वाईट वाटलं, पण काम म्हणजे काम! परीक्षेत मी शिकाऊ चालकाचं सोंग घेतो, गाडी चालवताना मुद्दाम तीन चुका करतो. शेजारच्या उमेदवाराने त्या पकडायच्या, समजावून सांगायच्या. वेळ आलीच तर त्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. बाईंनी तो मोकळ्या रस्त्यावर करकचून दाबला! "अहो सर, आजोबा होते ना डावीकडे!" कुठले आजोबा? मला चिटपाखरूही दिसलं नाही. 'विनाकारण हस्तक्षेप' असा शेरा मारला. हॉस्पिटलातली नोकरी सोडून आल्या होत्या.

९ मार्च
दाराच्या चौकटीवर पुन्हा खांदा आपटला. बायको म्हणते, "डोळे आहेत की बटणं?"

१४ मार्च
आजचा उमेदवार पास. सायकलवाला आडवा आला, उमेदवाराने वेळेवर ब्रेक मारला. नंतर हसत म्हणाला, "काय अ‍ॅक्टिंग करता हो सर! खरंच दिसला नाही असं वाटलं." मीही हसलो.
खरंच दिसला नव्हता.

१७ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "डाव्या बाजूचं निम्मं दिसणं गेलंय. परत येणार नाही. गाडी आजपासून बंद!"
म्हणजे ते आजोबा होते. बाईंनी माझ्या हातून एक माणूस वाचवला — आणि मी त्यांच्याच पोटावर पाय दिला! लाज वाटते. ऑफिसात सांगायला हवं. पण सांगितलं की माझे सगळे जुने निकाल उकरून काढतील. बायको म्हणते, "चारच महिने राहिलेत निवृत्तीला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

१८ मार्च
उद्या सांगतो.

२२ मार्च
नाही सांगितलं. सावकाश चालवतो, मान पूर्ण वळवून बघतो. जमतंय.

२६ मार्च
आजचे उमेदवार एक निवृत्त शाळामास्तर. फार भिडस्त. चौकात डावीकडून एक बाई रस्ता ओलांडत होती. मास्तरांना दिसली. "साहेब... अहो साहेब..." एवढंच करत राहिले. साहेब चालवत असताना आपण ब्रेक कसा दाबायचा, म्हणे!
बाई जागच्या जागी गेली.

२७ मार्च
चौकशी झाली. "ब्रेक न लावणं ही परीक्षेतली ठरवलेली चूक होती ना?" मी हो म्हणालो. तो मास्तरांनी लावायला हवा होता, असंही म्हणालो.
मास्तर समोरच बसले होते. मान खाली घालून म्हणाले, "साहेबांचं बरोबर आहे."