रोशनीचा चौरंग आणि कंपनीचे पाहुणे

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यात आधी टपकली शेजारची शकुबाई! बोलावलं आम्हाला, नात आमची, आणि ही बाई पुढच्या खुर्चीवर. वर मलाच म्हणते, "या मावशी, बसा." जसं काय तिच्याच घरचं कार्य!

तर इंदिरानगरच्या प्रशिक्षण केंद्रात आज पाहुणे आले. फर्निचरच्या कंपनीचे — सुतारकाम शिकणाऱ्यांतून कामाला माणसं निवडायला. आमची रोशनी त्या वर्गात एकटीच पोरगी. रंधा मारून मारून हाताला घट्टे पडलेत माझ्या बाईच्या! लय आनंदात गेले. म्हटलं, आज हिला काम करताना बघायचं.

कसलं काय! शिकवणाऱ्या जीवन सरांनी पोरं बाकांपाशी उभी केली, हातात करवती, पटाश्या. आणि रोशनीला? साडी! हातात आरतीचं ताट! "पाहुण्यांचं औक्षण कर, मुलीच्या हातचं बरं दिसतं." अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

बरं, समई ठेवली कशावर? रोशनीनंच केलेल्या चौरंगावर! एक खिळा नाही त्यात, नुसतं खाचेत लाकूड बसवलेलं. मोठ्या साहेबांनी हात फिरवला, "कोणी केला?" सर म्हणतात — "आमच्या मुलांनी." मुलांनी! आणि ही तिथंच उभी, बोटाला कुंकू तसंच.

निवडली ती पोरंच. चहा मात्र बरा होता, वेलची घातलेला. शकुबाईनं परत मागून घेतला.

५ फेब्रुवारी

सरांकडं गेले. म्हटलं, पोरीनं एवढा भुसा काय औक्षणासाठी खाल्ला? तर हसले! "आजी, तिचं उद्या लग्न होईल. पोरांना घर चालवायचंय."

आणि आमचं घर? मुलगा गेला, सुनेच्या शिवणावर चाललंय सगळं! तुम्ही येता का चालवायला? — असं त्यांच्या तोंडावर म्हटलं मी.

६ फेब्रुवारी

रोशनीची आई उज्वला मला म्हणते, आई, आता तुम्ही गप्प बसा. सून असली म्हणून काय झालं, मी नाही बसणार!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी न सांगता गेली कुठंतरी. संध्याकाळी आली ती केसांत भुसा घेऊन. विचारलं, तर "आजी, आधी भाकरी वाढ." बस्स! जेवली मात्र पोटभर.

९ फेब्रुवारी

मयूर आला होता, निवडलेल्यांतला. मान खाली. साहेबांनी त्याला तसलाच चौरंग करायला सांगितला, जमेना. शेवटी बोलून टाकलं — साहेब, तो रोशनीनं केलाय. गुणाचं पोर, पण त्या दिवशी काय जीभ टाळ्याला चिकटली होती?

मागोमाग सरांचा फोन! "आजी, पाहुणे परत येतायत. खास रोशनीला बघायला." खास म्हणे!

रोशनीनं ऐकलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन हसत बसली.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या बसनं देवळाली कॅम्पला गेली माझी बाई. शुक्रवारी तिथल्या दुसऱ्याच एका कारखान्यात फळी रंधून दाखवली होती तिनं. आज कामाचा पहिला दिवस! सरांना कुणी कळवलेलं नाही. पाहुणे उद्या, मंगळवारी येणार आहेत.