विभूतीची दुसरी वडी

अव्वा,

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुला वाचून दाखवणार उमाशंकरदादा, आणि त्याच्या तोंडून तुला हे ऐकायला लावायचं न्हाई.

परवा तू उदगीरहून नांदेडला माझं मेकअपचं काउंटर बघायला आलीस. मला लई आनंद झाला. तुला उंच खुर्चीवर बसवलं आणि कापूस ओला करून तुझं कपाळ पुसलं. आधी चेहरा साफ करायचा, ही कंपनीनं हाताला लावलेली सवय. विभूतीचे पट्टे पार गेले, तेव्हा भानावर आले.

तू एवढंच म्हणालीस, "असू दे गं." पण तू माझ्या कोऱ्या कपाळाकडं बघत होतीस.

काउंटरवर कपाळाला काही चालत न्हाई, टिकलीसुद्धा. मुंबई असो की नांदेड, सगळ्या पोरी सारख्या दिसल्या पाहिजेत. मी मात्र फोनवर सांगत राहिले, रोज अंघोळ झाली की विभूती लावते म्हणून. सुट्टीच्या दिवशी तरी लावता आली असती. पण खोलीवर एकटीनं कुणासाठी लावायची, असं वाटायचं.

दिवसभर परक्या बायकांच्या तोंडावरून हात फिरवते. माझ्या तोंडावरून फिरला तो फक्त तुझा, परतीच्या बसमध्ये चढताना. तेव्हाच तू पिशवीतून विभूतीची वडी काढून दिलीस. म्हणालीस, "तुझी संपली असंल."

दिवाळीत तू दिलेली वडी अजून कागदातच हाय, अव्वा. आता दोन झाल्या.

तुझीच,
मंजुश्री