घर लहान असेल तर

पवित्र गुरुवार, संध्याकाळ

आज चर्चमध्ये पास्टरांनी वल्हांडणाच्या कोकराबद्दल सांगितलं. देवाचे लोक मिसरातल्या गुलामीतून सुटले, त्या रात्री घरटी एक कोकरू मारायचं, रक्त दाराच्या चौकटीला लावायचं, मांस सगळ्यांनी मिळून खायचं. घर लहान असेल तर शेजाऱ्याला सोबत घ्यायचं. येशू तेच कोकरू, म्हणाले, सगळ्यांसाठी एकदाच मारलेलं. आता दुसरा बळी नको. सगळे आमेन म्हणाले. मी मात्र त्या शेजाऱ्यापाशीच अडकलो. माझ्याएवढं लहान घर कोणाचं? एक माणूस, एक ताट.

घरी आलो तर भिंतीपलीकडे, दादाच्या अंगणात, पोचम्मा देवीला कापलेला बकरा शिजत होता. बाप्तिस्मा घेतल्यापासून मी देवीचं खात नाही, म्हणून ते बोलावतही नाहीत. वास मात्र येतो. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात वहिनीनं हाक मारली. "भाऊजी, जेवले का तुमी?"

"जेवलो," म्हणालो. गॅस पेटवलाही नव्हता. काऊन बोललो तसं? कीव नको होती, बस्स.

"देवीचं नाही हे. निवद दाखवायच्या आधीच वरण येगळं काढलं तुमच्यासाठी. भिंतीवर ठेवून राह्यले."

घर लहान असेल तर... आणि दादाचं घर तर भरलेलं आहे, तरी त्यांनीच शेजाऱ्याला हाक मारली.

वाटी अजून भिंतीवरच आहे. जेवलो म्हणून बसलो, आता उचलायची कशी? पलीकडे वहिनी पोरांना दटावते आहे, "तिकडं पाहू नका रे कोणी."