टीव्हीसमोर बसणारी

१४ जुलै, सोमवार

पुन्हा तेच! दुकान माझं, हात माझे, व्हिडिओ माझा — आणि खाली लोक विचारतात, आवाज कुणाचा आहे?

सुंदररावांचा जुना डब्बा टीव्ही होता, पिक्चर ट्यूबचा. कित्येक वर्षं माळ्यावर पडलेला. आत बोटभर राख. थर्मल वीजकेंद्राची राख परळीत देवळाच्या पायरीला सुटत नाही, टीव्हीला काय सुटणार! ब्रशनं झाडला, सुकलेले कंडेन्सर बदलले, सगळं समजावून सांगितलं. माझ्या मुलीनं, योगितानं, पुण्यात बसून व्हिडिओ नीट कापून जोडला. एकानं तरी विचारावं, की दादा, कंडेन्सर कोणता टाकलात? नाही. "ताईंचा आवाज ऐकला, दिवस चांगला गेला." "ताईंना जास्त बोलू द्या."

ताई म्हणजे आमची ही. सुभद्रा.

आणि ती करते काय? मी टीव्हीच्या मागे असतो, हातात पेचकस. मागून पडदा दिसत नाही. म्हणून ती समोर बसून सांगते — "आलं. गेलं. आलं. आता समदी पिवळी पडली, कावीळ झाल्यावानी. उलटं फिरवा. थांबा." एवढंच. कॅमेऱ्यात दिसतसुद्धा नाही. कुणालाही बसवलं तरी सांगेल.

संध्याकाळी दिवा लावताना मन लागलं नाही. वैजनाथा, माफ कर.

१६ जुलै

भाजीबाजार. ही वांग्यांचा भाव करत होती. शेजारी उभी असलेली एक पोरगी आवाजावरूनच वळली. "तुमी आलं-गेलं वाल्या ताई ना?" लगेच फोटो. मी दोन्ही पिशव्या घेऊन उभा. पोरगी मला म्हणते, काका, जरा बाजूला सरता का?

सरलो.

टोमॅटो निवडायला घेतले तर हिनं नेहमीसारखे हातातून काढून घेतले. एवढंसुद्धा मला करू द्यायचं नाही!

२० जुलै, रविवार

दुकान बंद. बसून जुनं आठवत होतो.

लातूरला उस्तादांकडे शिकलो. त्यांच्याकडे समोर माणूस बसवायची पद्धत नव्हती. पडद्यासमोर आरसा टेकवायचा आणि मागून त्यात बघत काम करायचं. माझा हात तेव्हा नवा. गिऱ्हाइकं टीव्ही परत आणायची. उस्ताद म्हणायचे, "अजिनाथ, जोड तेरा पक्का, तस्वीर कच्ची." मग लग्न झालं, परळीत दुकान टाकलं, सुभद्रा समोर बसायला लागली आणि हात बसला. गावात नाव झालं — अजिनाथच्या टीव्हीत माणसं खरी दिसतात. लोक अंबाजोगाईहून बैलगाडीत, जीपमध्ये टीव्ही घालून आणायचे. हे नाव मी केलं. रेझिस्टन्सवरच्या रंगीत पट्ट्या वाचायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. सरळ मीटर लावायचा. मीटर खोटं बोलत नाही.

मग सपाट टीव्ही आले. बिघडला की फेक, नवा घे. दुकानात दिवसभर मी आणि उदबत्ती. योगितानंच चॅनल काढून दिलं, म्हणाली, बाबा, जुने टीव्ही बघायला लोकांना आवडतं. खरंच आवडलं! वाटलं, नाव पुन्हा निघणार.

निघालं. तिचं.

लिहिताना लाज वाटते. बायकोचा मत्सर करणारा माणूस कुठल्या तोंडानं पिंडीला हात लावतो?

२४ जुलै

बीडहून फोन. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या नव्या दुकानाचं उद्घाटन आहे. ताईंनी यावं, मोठ्या टीव्हीसमोर बसून "आलं, गेलं" म्हणावं, लोक खूश होतील. मी म्हटलं, मी काय करू तिथं? तो माणूस भला असावा, अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही नाही आलात तरी चालेल, काका."

मी सांगितलं, तिचे श्रावणाचे उपास आहेत. महिनाभर कुठं जात नाही.

तिला विचारलं नाही. सांगितलंही नाही.

२७ जुलै

त्या माणसानं पुन्हा फोन केला. मी अंघोळीला होतो, हिनं उचलला. बाहेर आलो तर फोन जागेवर, ही पोळ्या लाटत होती. मग पोळी ताटात टाकता टाकता म्हणाली, "माझा म्हैनाभराचा उपास कवा लागला?"

मी ताट पुढं ओढून पोळी कुस्करत बसलो.

ती बीडला जाणार नाही म्हणाली त्यांना. माझी अब्रू राखली. त्याचाही रागच आला!

२९ जुलै, नागपंचमी

हिनं लाल साडी नेसली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी घेतलेली — पहिल्या कमाईची. सणालाच काढते, पुन्हा घडी घालून कडुनिंबाचा पाला घालून ठेवते. वारुळाला जाऊन आली ती तशीच समोर बसली, आणि उठताना कॅमेऱ्यात पदर आला.

३१ जुलै

नुसता पदर दिसला तर लोकांना उधाण! "ताई, हिरवी साडी फार शोभते." "हिरवा रंग, श्रावण, वा!" एकालाही रंग कळू नये? मोबाइलवर बघणाऱ्यांचं असंच. हिला म्हटलं, लोक आंधळे आहेत. ही नुसती हसली. साडीची घडी घालत होती, पटकन पेटीत ठेवली.

बास. उद्यापासून आरसा.

२ ऑगस्ट

उस्तादांच्या वेळचा आरसा काढला, पुसला. धुळाजीचा टीव्ही घेतला. धुळाजी मेंढरं राखतो, माझ्याहून थोरला, रोज सकाळी कीर्तन बघितल्याशिवाय चहा पीत नाही. नवा टीव्ही घे म्हटलं तर म्हणतो, ह्यात म्हाराज राहत्यात, हलवायचं न्हाई.

पडद्यासमोर आरसा लावला. ही पाण्याचा तांब्या घेऊन आली, आरसा बघितला, आपल्या रिकाम्या स्टुलाकडं बघितलं. "मी बसू का?" मी म्हटलं, गरज नाही. ती एवढंच म्हणाली, "बगा बरं." आणि आत गेली.

सगळं मी केलं. एकट्यानं. चित्र लखलखीत. व्हिडिओत फक्त माझा आवाज. योगिताला ताकीद दिली, काही बदलायचं नाही, तसाच टाक.

५ ऑगस्ट

"ताई कुठं गेल्या?" "ताईंना काढलं का?" अपेक्षाच होती. पण आणखी एक नवीन — "दादा, चेहरे हिरवे दिसतायत." एक नाही, खाली सगळी रांगच. एकानं म्हटलं की बाकीच्यांनी री ओढायची. तिच्यासाठी मला खाली पाडायचं!

योगिताचाही फोन. जरा चाचरत बोलत होती. आईला समोर बसवा ना बाबा. म्हणजे हीसुद्धा!

८ ऑगस्ट

धुळाजी टमटममध्ये टीव्ही घालून परत आला. उतरवतानाच सुरू, "बे अजिनाथ, काय केलंस हे? म्हाराज हिरवे झाले की माझे. इख प्याल्यावानी दिसत्यात."

मी म्हटलं, नीट बघितलंस का?

"नीळकंठ चालंल बाबा, गावचाच देव हाय. हिरवा म्हाराज न्हाई चालायचा."

टमटमवाला हसला. मला हसू आलं नाही. मी आत जाऊन सुभद्रावरच ओरडलो — तू पढवून पाठवलंस ह्याला. हात पुसत ती बाहेर आली. भांडली नाही. टीव्ही लावायला सांगितला आणि आपल्या स्टुलावर बसली. मी मागे गेलो. आरसा तिच्या बाजूला तसाच होता, काढला नव्हता.

"डावीकडं. अजून. अजून जरा. लई झालं, माघारी. बास."

धुळाजी म्हणाला, "आले म्हाराज माणसांत." आणि समाधानानं तंबाखू मळायला बसला.

मी पूर्ण वेळ आरशात बघत होतो. पेचकस फिरवताना उजेड जरा कमी-जास्त झाला, तेवढंच. तोंडाचा रंग बदललेला मला दिसलाच नाही. सुरुवातीला होते तसेच महाराज शेवटी. आरशाचा पारा उडाला असावा.

९ ऑगस्ट

आरसा नको म्हणून आज दुसऱ्या टीव्हीसमोर जाऊन, नुसत्या डोळ्यांनी बघितलं. मागचा पेच एकदा पार इकडं, एकदा पार तिकडं. शेजारच्या चहावाल्याला हाक मारून विचारलं, काय फरक पडला? तो म्हणाला, "काका, मघाशी पालक होता, आता गाजर झालं की."

मी हो म्हटलं. चहाचे पैसे द्यायचे विसरलो.

टोमॅटो आठवले. उस्ताद आठवले. तस्वीर कच्ची.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

पिंडीला हात लावून आलो. पुढचे लोक लाल कण्हेर आणि बेल वाहत होते. मी रांगेत उभं राहून दोन्हीकडे बघत राहिलो — नाव ठाऊक आहे म्हणून ओळखतो, एवढंच. इतकी वर्षं वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं.

घरी आलो तर नागपंचमीची तीच साडी वाळत होती. शेजारी उभा राहून विचारलं, हिचा रंग कोणता? सुभद्रानं टाळाटाळ केली नाही. "हिरवा."

तुला ठाऊक होतं? म्हणाली, पहिल्या दिवाळीपासून. तुम्हाला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही, हे तेव्हाच कळलं. म्हणून तर समोर बसायला लागले. मग सांगितलं का नाहीस एवढ्या वर्षांत? तिनं साडीची सुरकुती हातानं सरळ केली.

"तुमी लाल म्हनून आणलीती. मी लाल म्हनूनच नेसले."