डावा स्पीकर दवनीवाड्याला

मुर्री, गोंदिया
रामनवमीचा दुसरा दिवस

ती. शालीकराम मामाजींच्या पायांशी, आपला (सध्या नावडता) भाचा लीलाधर याचा वाकून नमस्कार.

इथं आम्ही दोघं, मी आणि सुखवंता, बरे आहोत, म्हणजे वेळेवर जेवतो. तुमचा गुडघा कसा आहे? मामीजींची शुगर? आमगावकडे गारा पडल्या असं ऐकलं, आंबा राहिला का काही झाडाला? (हे फोनवरही विचारता आलं असतं. पण तुम्ही फोन उचलला की तो स्पीकरवर टाकता, ओट्यावर ठेवता आणि सुपारी कातरायला बसता. मागे मी "मामाजी, जरा खासगी बोलायचं होतं" म्हणालो, तर चार वेगवेगळ्या आवाजांत "बोल ना" असं उत्तर आलं. म्हणून पत्र.)

शुक्रवारी तुमचा फोन आला. "काऊन रे लीलाधर, सख्खा भाऊ दारात येऊन उभा राह्यला अन् तू त्याच्या तोंडावर नाही म्हणला? कायले रे? एवढा माज?" एवढं बोलून, भाऊचं गाऱ्हाणं शब्दन् शब्द ऐकवून, तुम्ही फोन ठेवला. ठेवताना मागून कोणीतरी "बराबर बोलले" असंही म्हणालं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. तुम्ही आमच्या वाटणीचे पंच. पंचानं दोन्ही बाजू ऐकायच्या असतात असं मी शाळेत चौतीस वर्षं पोरांना शिकवलं. माझी बाजू लांबलचक आहे, तेव्हा चष्मा लावून बसा.

मूळ भानगड स्पीकरांची. आपली धानाची मोठी बांधी रस्त्यात गेली आणि मोबदला आला, ते वर्ष आठवा. दवनीवाड्यात ज्याची ज्याची जमीन गेली त्यानं चारचाकी दारात आणून उभी केली. टेकचंदभाऊनं आणि मी नागपूरला जाऊन स्पीकरांची जोडी आणली, कमरेएवढी उंच, पॉलिश केलेल्या लाकडाची. गावात पिकअप शिरली तेव्हा लोकांना वाटलं पटले बंधूंनी डीजेचा धंदा टाकला. मंडईच्या जत्रेचं मंडळ दुसऱ्याच दिवशी भाड्यानं मागायला आलं. भाऊनं त्यांना बसवून अर्धा तास सारंगी ऐकवली. पुन्हा कोणी मागायला आलं नाही.

या जातीच्या स्पीकरांचं एक दुखणं असतं. दोन्हींपासून सारख्या अंतरावर एकच जागा अशी असते, की तिथं बसलेल्याला गाणारी बाई समोर बसल्यासारखी वाटते. हातभर बाजूला सरकलं की बाई उठून जवळच्या डब्यात जाऊन बसते. त्या जागेवर एकच खुर्ची मावायची, आणि ती भाऊची. थोरला ना तो. मी उजवीकडे, भिंतीला टेकून. दर रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं बसायचो. भाऊ डोळे मिटून म्हणायचा, "पाह्य लीला, बाई कशी मधात बसून गाऊन राहिली!" मला बाई कधी दिसली नाही. मी म्हणायचो, हो ना भाऊ. अकरा वर्षं मी उजवा स्पीकर ऐकला आणि अकरा वर्षं हो म्हणालो.

(आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. त्या खोलीत आवाज घुमायचा. पण दिवाळीनंतर धानाचे भरलेले कट्टे कोपऱ्यात थप्पी लावून ठेवले की घुमणं बंद, आवाज एकदम स्वच्छ. नागपूरच्या दुकानदारानं यासाठी परदेशी गाद्या सांगितल्या होत्या, आमच्याकडे घरचं धान. म्हणून भाऊ धान विकायला टाळाटाळ करायचा. वहिनींना वाटायचं भाव वाढायची वाट पाहतोय. उंदरांना मात्र खरं कारण कळलं असावं, ते फार खूश असत.)

मग घरात पटेना. म्हणायला बायकांचं पटेना, खरं तर आमचंच, आणि कशावरून ते आज विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली. अंगणात बाजेवर तुम्ही बसलात. दोन कपाटं, एक-एक. पाण्याचे दोन पितळी गुंड, एक-एक. दोन कूलर, एक-एक. आणि त्याच दमात, "हे दोन डबे, एक-एक." मी म्हणालो, मामाजी, ही जोडी आहे, ती फोडता येत नाही. तुम्ही म्हणालात, "जोडी तं तुमी दोघंबी होते." सगळे हसले. भाऊ हसला नाही, मीही हसलो नाही. पण दोघांपैकी एकानंही "तू घेऊन जा" असं म्हटलं नाही, हेही इथं कबूल करतो. डावा स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दवनीवाड्याला राहिला, उजवा स्पीकर आणि सीडी प्लेयर माझ्यासोबत मुर्रीला आला. तुमचा निकाल इतका समसमान होता की दोघांच्याही घरी काहीच वाजेना.

मी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. सीडी लावली. आपल्या त्या सारंगीच्या सीडीत सारंगी डावीकडे आहे आणि तबला उजवीकडे. मामाजी, मी दोन महिने नुसता तबला ऐकला. सुखवंता एक दिवस स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोणी दार ठोकून राहिलं काय पाहा बरं." कंपनीला विचारलं तर ते मॉडेल बंद झालेलं, आणि ते सुटा स्पीकर विकत नाहीत. त्यांना जोडी फोडणं पटत नाही म्हणे. (परकी माणसं, पण समज बघा.)

तेव्हा उमेंद्र आला. माझा जुना विद्यार्थी, रेल्वेत सिग्नलचं काम करतो आणि पगार कानांवर उडवतो. तो म्हणाला, "सर, स्पीकर का चक्कर छोडो. हेडफोन घ्या. ना खोली पाहिजे, ना भिंत, ना धानाचे कट्टे. अन् मधली सीट कायमची तुमची." त्या शेवटच्या वाक्यानं मी फसलो. हेडफोन घेतले, मागून उघडे असतात तसले, वाटीएवढे मोठे. वाद घालणारे यावर पुस्तकं लिहितील, पण मी दोन्ही बाजू भोगल्या आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. हेडफोनमध्ये बारीकसारीक जेवढं ऐकू येतं तेवढं कोणत्याही स्पीकरात येणार नाही. गाणारी श्वास कुठं घेते, तबलेवाला मांडी कधी बदलतो, सगळं. मधली जागाही मिळाली. पण बाई समोर बसत नाही, डोक्याच्या आत बसते. मी डोळे मिटून बसलो, पहिल्यांदाच बाई अगदी मधोमध आली आणि मी मोठ्यानं म्हणालो, "पाह्य भाऊ!" सुखवंता म्हणाली, "कोणाशी बोलून राहिले?" स्पीकर दोघांनी ऐकायचे असतात, एकाला वाईट जागा मिळाली तरी. हेडफोनला वाईट जागाच नसते, कारण दुसरा माणूसच नसतो. हे मला साठाव्या वर्षी कळलं.

आता तो दिवस. उघड्या हेडफोनमधून बाहेरचं सगळं आत येतं, आणि मुर्रीत बाहेर बरंच काही असतं: गाड्यांचे भोंगे, भाजीवाल्याचा माईक, शेजारचा कूलर. म्हणून मी माझी युक्ती काढली होती. हेडफोन घालायचे आणि वरून दुपट्टा डोक्याला घट्ट बांधायचा, उन्हात निघताना बांधतो तसा. उमेंद्र म्हणाला, यानं आवाज बिघडतो. मी म्हणालो, बिघडू दे, भाजीवाला तरी जातो. तर असा मी दुपट्टा बांधून, डोळे मिटून, दाराकडे तोंड करून बसलेलो. सुखवंता गोंदियाला बाजारात गेलेली. सारंगी रंगात आली होती. आणि तुम्हाला माहीत आहे, चांगलं काही ऐकलं की माझी मान आपोआप हलते. आडवी हलते. लहानपणापासून आडवीच हलते.

त्याच वेळी भाऊ आला. चार वर्षांत पहिल्यांदा. रिंकीचं लग्न ठरलं म्हणून, पत्रिका छापायच्या आधी पिवळे तांदूळ घेऊन, रीतीप्रमाणे पहिलं आमंत्रण काकाला. माझ्या समोर उभा राहिला. त्यानं तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही मला ऐकवलंत, म्हणून मला पाठ आहे. तो म्हणाला, "लीला, रिंकीचं लगन हाये, येशील ना?" मी डोळे न उघडता मान हलवली. आडवी. तो म्हणाला, "अजून राग हाये काय?" मी पुन्हा हलवली. मग तो म्हणाला, "मी आलो ना पायी चालून," आणि मी हसलो. (मामाजी, त्या जागी सारंगीवाला अशी काही मींड घेतो की कोणीही हसेल. भाऊ स्वतः त्याच जागी हसायचा.) हातात तांदूळ घ्यायला मी हात पुढे केला नाही, कारण हात मांडीवर ताल धरून होता. त्यानं तांदूळ समोरच्या उजव्या स्पीकरवर ठेवले आणि निघून गेला. दुपट्ट्यामुळे हेडफोन त्याला दिसले नाहीत. तोंड पाहायचं नाही म्हणून मी डोळे मिटले, असं त्यानं धरलं. मीही तसंच धरलं असतं.

पुढचं सांगायला लाज वाटते. मी हेडफोन काढले, तर स्पीकरवर पिवळे तांदूळ. सुखवंता कोणताही सण आला की फ्रिजपासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यावर हळदीचे तांदूळ वाहते. मला वाटलं तिचंच काम. दाणे आत गेले तर पडदा फाटेल म्हणून मी ते फडक्यानं झाडले आणि फुंकर मारून उरलेले उडवले. ती परत आल्यावर तिला बोललो. ती म्हणाली, "तुमच्या त्या मुक्या डब्याले मी कायले वाहू?" दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. मग तुमचा फोन आला, आणि तुम्ही "पिवळे तांदूळ" म्हणालात तेव्हा मी ते फडकं हातात घेऊनच उभा होतो.

मला राग आला आहे, मामाजी. तुमच्यावर आला आहे, कारण तुम्ही गुंड आणि स्पीकर एका मापानं मोजले. भाऊवर आला आहे, कारण आयुष्यभर तो मला खांद्याला धरून हलवायचा आणि नेमका त्या दिवशी त्यानं हात लावला नाही. मी त्याला फोन केला, दोनदा. रिंग वाजत राहिली. आमंत्रणाशिवाय लग्नघरी जाता येत नाही, आणि आमंत्रण तर मी फुंकर मारून उडवलं. त्या पोरीनं पहिली पावलं माझं बोट धरून टाकली, आता तिच्या मांडवात काका नाही. मला रडू आलं, हेही लिहून ठेवतो, ओट्यावर वाचून दाखवू नका.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. हा सगळा घोळ डावा स्पीकर माझ्याकडे नसल्यामुळे झाला. स्पीकर वाजत असते तर दारापर्यंत आवाज गेला असता, भाऊला कळलं असतं की मी ऐकतोय, आणि मला हेडफोनची गरजच पडली नसती. चूक तुमच्या निकालाची आहे, दुरुस्तीही तुम्हीच करा. डावा स्पीकर मला परत मिळवून द्या. बाकी मला कोणाकडून काही नको.

गुडघ्याला तिळाचं तेल चोळत राहा. मामीजींना नमस्कार.

आपला भाचा,
लीलाधर पटले

ता. क. वरची मागणी सुखवंतानं वाचली आणि ती माझ्याशी पुन्हा बोलेनाशी झाली. तेव्हा ती खोडली असं समजा. उलट करा: उजवा स्पीकर मी पोत्यात नीट गुंडाळून ठेवला आहे, तो दवनीवाड्याला पाठवा, सीडी प्लेयरसकट. जोडी एका घरी असावी. मधली खुर्ची भाऊचीच. मला उजवीकडे भिंतीशी जागा असली की झालं, तिथून ऐकायची मला सवय आहे.

ता. क. २. पंच म्हणून एक निकाल द्या. आज स्पीकर हलवला तेव्हा त्याच्या मागे, भिंतीच्या फटीत, दोन दाणे सापडले. पिवळेच आहेत. मी ते पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवलेत. दोन दाण्यांचं आमंत्रण धरतात की नाही? लग्नाला अठरा दिवस आहेत.

ता. क. ३. धरत नसतील, तर भाऊला एवढंच सांगा की हेडफोन सुखवंतानं पेटीत घालून किल्ली स्वतःकडे ठेवली आहे आणि आमचं दार दिवसभर उघडं असतं. मी आरशासमोर बसून मान उभी हलवायचा सराव करतो आहे. कालपर्यंत आडवी जात होती, आज बरीच सुधारली आहे.