सदतीस हातांची साक्ष

प्रिय आत्या,

आधी घडलं ते क्रमाने.

१. तू मुलाकडे राहायला गेल्यावर बाबांकडून तुझ्या घराची किल्ली घेतली. तुला विचारलं नाही.
२. माळ्यावरची सात खोकी नेली. त्यातली ४,११२ पोस्टकार्डं स्कॅन केली. खोकी पुन्हा जागेवर आहेत, तू ओरडण्याआधी सांगते.
३. मी पुन्हा पाठवलेलं तुझं पुस्तक काल विद्यापीठाच्या प्रकाशन समितीने स्वीकारलं. एकमताने.

फोनवर हा विषय निघाला की तुझं दूध उतू जायला लागतं. म्हणून पत्र.

नऊ वर्षांपूर्वी ह्याच समितीने पुस्तक परत पाठवलं तेव्हा मी अकरावीत होते. रेडिओला गाण्यांच्या फर्माइशी पाठवणाऱ्या श्रोत्यांचा तुझा अभ्यास. पुरुषांच्या नावाने आलेली कितीतरी कार्डं घरातल्या बायकांनी लिहिली होती, असं तू म्हटलं होतंस. पुरावा म्हणून एक कार्ड दिलं होतंस: ‘आजवर ह्यांच्या, दिरांच्या, मुलाच्या नावाने लिहिलं. आज माझं नाव वाचा.’ परीक्षकांचा शेरा आला, एका बाईवरून सगळ्या ठरत नाहीत. तू खोकी बांधून टाकलीस.

चूक तुझ्या शिस्तीत होती. कार्डं प्रसारणाच्या तारखेने लावलेली, आणि क्रम मोडायचा नाही हा तुझा कायदा. लहानपणी मी एक कार्ड हलवलं तर तू दोन दिवस बोलली नव्हतीस. त्यामुळे एकाच हाताची दोन कार्डं कधी शेजारी आलीच नाहीत. पडद्यावर मात्र क्रम मोडला तरी खोक्यातला शाबूत राहतो. मी कार्डं अक्षराच्या वळणावरून लावली. यंत्राने जोड्या सुचवल्या, प्रत्येक जोडी मी डोळ्यांनी तपासली, शंका आली ती टाकून दिली. उरले सदतीस हात. प्रत्येक हात आधी पुरुषाच्या नावाने, नंतर कधीतरी बाईच्या नावाने. एकीने तर अकरा पुरुष वापरलेत.

समितीत तेच परीक्षक होते. तासभर कार्डं बघत बसले. मग म्हणाले, “तुमच्या आत्याबाई बरोबर होत्या. घाई मी केली. हे इतिवृत्तात लिहा.” लिहिलंय. बाबा त्याची प्रत शेजारीपाजारी वाचून दाखवत फिरताहेत. मी उड्या मारणारी नव्हे; तू मला मोजपट्टी म्हणतेस ते उगाच नाही. पण तिथला जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

तुझा एक शब्दही बदललेला नाही. फक्त शेवटी परिशिष्ट जोडलंय.

आता काम. करारावर लेखिकेची सही लागते; ती नसेल तर पुस्तक ह्या वर्षीच्या यादीतून जाईल. कार्यालयातले कारकून म्हणाले, “ताई, तुम्हीच ठोका की. कोण बघतंय?” मी नाही ठोकली. दुसऱ्याच्या नावाने लिहावं लागलेल्या बायकांचं पुस्तक आहे ते. त्यावर तुझं नाव तुझ्याच हातचं हवं. करार सोबत ठेवला आहे. सही करून पाठव, किंवा नाही म्हण. पण वीस तारखेच्या आत उत्तर दे.

तुझीच,
मोजपट्टी