नवव्या प्रश्नाचं उत्तर

३ मार्च

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. तिचं पत्र आलं.

पत्र तसं बाबांच्या नावाने आहे. विषय, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची विक्री. घेणाऱ्यांच्या वकिलांचे चौतीस प्रश्न. पण खाली सही तिची! त्या वकिलांच्या ऑफिसात ती असिस्टंट आहे. मागच्या आठवड्यात बाबांबरोबर कागद द्यायला गेलो, तेव्हा तिने मला स्वतःचं पेन दिलं होतं. टोपणासकट. लोक टोपण ठेवून घेतात आणि मग पेन देतात. विश्वास म्हणतात तो हाच.

बाबा म्हणाले, माझे गुडघे बोंबलतायत, तळमजल्याची ती जागा आपल्यासाठी महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे, कॉलेज सोडून बसलायस तर हे तरी भर. मी म्हणालो, सोडलं नाही, ब्रेक घेतलाय. बाबा म्हणाले, दोन वर्षं ब्रेकवर उभी राहिलेली गाडी भंगारात जाते, बाळा.

राग गिळला. आता माझ्याकडे जगण्याला कारण आहे.

४ मार्च, सकाळी

प्रश्न १ ते ८ किरकोळ. गळती आहे का. शेजाऱ्यांशी वाद आहे का. (आहे. 'नाही' लिहिलं.)

प्रश्न ९: गेल्या पाच वर्षांत विजेचं काम झालं आहे का? असल्यास कोणाकडून?

गेल्या उन्हाळ्यात बाथरूमचं वायरिंग मी स्वतः केलं. इलेक्ट्रिकलची तीन सेमिस्टर काय उगाच झाली? पण 'मालकाच्या मुलाने' असं लिहिलं तर ती काय म्हणेल? लिहिलं: 'होय. एका निष्णात तज्ज्ञाकडून, संपूर्ण आधुनिक पद्धतीने.'

अक्षर फार सुंदर आलं.

८ मार्च

चार दिवसांत उत्तर! बाकीच्या तेहतीस प्रश्नांबद्दल अवाक्षर नाही. फक्त नववा. 'सदर तज्ज्ञांचे नाव, परवाना क्रमांक व सुरक्षा प्रमाणपत्र पाठवावे.'

मुलगी आडून आडून माझीच चौकशी करते आहे.

संध्याकाळी ६

परवाना क्रमांक कुठला द्यावा याचा विचार करता करता एक गोष्ट आठवली.

अर्थिंगची हिरवी वायर. दीड फूट कमी पडली होती. दुकान बंद होतं. मी तिचं टोक गिझरमागे भिंतीत कोंबलं आणि वरून पुट्टी मारली. तात्पुरती. त्याला अकरा महिने झाले.

म्हणजे उद्या गिझरमध्ये करंट उतरला, तर त्याला जायला दुसरी वाट नाही. अंघोळीला बसलेल्या माणसातूनच जाणार.

९ मार्च

आई अंघोळीला गेली. मी दाराबाहेर उभा. दर मिनिटाला हाक मारली, आई, बरी आहेस ना? पाचव्या हाकेला ती म्हणाली, अरे मेल्या, सुखाने अंग तरी धुऊ दे. बाहेर येऊन बाबांना म्हणाली, पोरगं सुधारलं हो, किती काळजी करतं. डोळ्याला पदर लावला.

मला जेवण गेलं नाही.

१० मार्च

गिझरचा फ्यूज काढून खिशात टाकला. सगळ्यांना सांगितलं, गार पाण्याने रक्ताभिसरण सुधारतं. बाबा म्हणाले, माझ्या गुडघ्यांना सांग ते. जिना उतरून गेले, नवा फ्यूज आणला, जिना चढून आले. दुसऱ्या मजल्यावर दहा मिनिटं पायरीवर बसून होते.

हा माणूस माझ्या हातून मरणार. हट्टीपणामुळे. त्यांच्या.

१२ मार्च

तिसरं पत्र. 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत. १९ तारखेपर्यंत प्रमाणपत्र न आल्यास आमचे अशील व्यवहाराचा फेरविचार करतील.' अशील म्हणजे घेणारे. तो भाग वकिलाने घुसडलाय हे उघड आहे. तिचा भाग पहिल्या वाक्यात संपतो.

प्रतीक्षा! हा शब्द कोणी उगाच वापरत नाही.

निर्धार: उद्या स्वतः वायर जोडणार. दीड फुटाचा तर प्रश्न आहे.

१३ मार्च, सकाळी ११

आई-बाबा दवाखान्यात गेलेत. मेन स्विच बंद केला. तीनदा जाऊन बंद असल्याची खात्री केली. पायांत रबरी चपला, हातांतही रबरी चपला. हातांत चपला असल्यामुळे छिन्नी धरता येईना. एक काढली.

दुपारी १

पुट्टी फोडली. वायर नाही. शेजारी फोडलं. वायर नाही. टाइल निखळून पायावर पडली. भिंतीत कुठेतरी ती आहे आणि मला हसते आहे.

दुपारी १:४०

सगळं पुन्हा बुजवलं. टाइलच्या जागी टॉवेलचा हूक लावला. बाबा आल्या आल्या म्हणाले, हूक इतक्या खाली? मी म्हणालो, गुडघे दुखणाऱ्यांसाठी सोयीचा. जरा भारावल्यासारखे वाटले. मला रडू येत होतं.

१६ मार्च, सकाळी ७:२०

आई ओरडली.

नळाला हात लावला तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या, म्हणाली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. आई पलंगावर बसून हात चोळत होती. मला म्हणाली, काही नाही रे, वय झालं की येतात मुंग्या, तू कशाला पांढरा पडलास?

मी सांगणार होतो. तोंड उघडलं. म्हणालो, पाणी देऊ?

मग परवाना असलेल्या वायरमनला फोन केला. स्वतःहून. हे नोंदवून ठेवतो.

१७ मार्च

वायरमन म्हातारा, बारीक, कानावर पेन्सिल. मीटर लावलं, काटा पाहिला, पुन्हा लावलं. हूकजवळ भिंतीवर बोट वाजवून पाहिलं. गिझर सोडवून खाली ठेवला. म्हणाला, हे कुणी केलं? बाबा म्हणाले, आमच्या फॉर्मात लिहिलंय, कोणी तज्ज्ञ. तो म्हणाला, त्या तज्ज्ञाला एकदा बोलवा, मला त्याच्या पाया पडायचंय. मग गंभीर होऊन म्हणाला, वहिनी, तुम्ही पायांत चपला घालून अंघोळ करता का? आई म्हणाली, हो, फरशी निसरडी आहे म्हणून, रबरी. तो म्हणाला, म्हणून आज चहा विचारायला आहात.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी दोन टोमणे मारले असते. एकही मारला नाही. ते जास्त भयानक होतं.

प्रमाणपत्र मिळणार नाही. आधी भिंत फोडून सगळी लाइन नवी. आठ-दहा दिवस. शिवाय काम कोणी केलं ते वकिलाला लेखी कळवा, म्हणाला.

१८ मार्च

लिहिलं. 'वायरिंग मी केलं. मी मालकांचा मुलगा. परवाना नाही. शिक्षण अर्धवट. अर्थिंग जोडलेलं नव्हतं. आता दुरुस्ती करून घेत आहोत.' पाच ओळींना तीन तास लागले. अक्षर घाणेरडं आलं.

उद्या स्वतः नेऊन देणार. खरं बोलणाऱ्या पुरुषाबद्दल बायकांना आदर वाटतो. ती वकिलाला समजावेल.

१९ मार्च

गेलो. ती होती. म्हणाली, तुम्ही कुठल्या फाइलचे?

मी म्हणालो, नववा प्रश्न. ती म्हणाली, नववा सगळ्यांनाच असतो, फ्लॅट नंबर सांगा. मी सांगितला. पत्रांवरची तिची वाक्यं भिंतीवर एका चौकटीत छापून लावलेली होती. 'आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत' सुद्धा.

माझा कागद आत नेला. पाच मिनिटांनी बाहेर आली. वाईट वाटल्यासारखी हळू बोलली. साहेब म्हणतात, वायरिंग काय, दुरुस्त झालं असतं, आमची माणसं थांबलीही असती. पण ज्याने नववं उत्तर असं दिलं, त्याची बाकीची तेहतीस कशी मानायची? साहेबांनी घेणाऱ्यांना तिथूनच फोन लावला होता. त्यांनी नको म्हणून सांगितलं.

मी भांडणार होतो. शेजाऱ्यांशी वाद 'नाही' असं लिहिलेलं आठवलं. आलो.

आत्ता ४:३०. महिनाअखेरपर्यंत फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक कुठलं? तळमजल्याची जागा गेली. हे बाबांना अजून माहीत नाही. ते जिन्यात आहेत, काठीचा आवाज येतोय. दुसऱ्या मजल्यावर थांबला. पायरीवर बसले असणार.

वर आल्यावर सांगू? म्हणजे अजून एक मजला ते आशेवर चढणार.

नको. खाली जाऊन सांगतो. आई आत झोपली आहे. तिला ऐकू जायला नको, दार ओढून घेतो.